पायपुसण्यावरची ओळ

माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आली, त्या दिवशी ती कोपरापर्यंत कचऱ्याच्या डब्यात होती. खोटं नाही सांगत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनात म्हटलं, संपलं! भाऊजींनी शोधून शोधून ही शोधली!

तेव्हा ती जाऊ झालेली नव्हती. भाऊजी, म्हणजे माझे दीर, तिला सगळ्यांशी ओळख करून द्यायला घेऊन आले होते. मी ठेवणीतल्या बशीत बिस्किटं मांडली, चहा ओतला, गोड आवाज काढला. तिनं एक बिस्किट उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "पाकीट कुठंय?"

मला वाटलं, हिला अजून हवीत. म्हटलं, "अगं घे की, लाजू नकोस, आत आहेत भरपूर."

"तसं नाही. रिकामं पाकीट."

"ते टाकलं मी."

"कशात?" असं विचारलं आणि उठलीच! मी मागोमाग जाईपर्यंत बाईसाहेबांनी बटाट्याच्या सालींमधून पाकीट उपसून ओढणीला पुसलं, खिडकीशी नेलं, शिवणीवर नख फिरवलं. "बघा! तारीख परत घडीत गेली." घरात चोर सापडल्यासारखा चेहरा!

ती गेल्यावर मी आमच्या ह्यांना सांगितलं, "पोरगी एकतर खादाड आहे, नाहीतर डोक्यानं जरा इकडंतिकडं. भाऊजींना वेळेवर सावध करा." आता आठवलं की माझं मलाच हसू आवरत नाही. कारण आमच्या घरातली खादाड मी, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि डोकं जागेवर असलेली एकच बाई आहे, ती डब्यात हात घालणारी.

तर ही आमची धाकटी एका खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात लेबलं तपासते. बिस्किटं, सूपची पावडर, जॅम, असला माल. ती बिस्किटं तिच्याच कारखान्यातली होती. तारखेचा शिक्का पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीत जातोय अशी तिची तक्रार चालली होती आणि माझ्या बशीतली बिस्किटं बघून तिला राहवलं नाही, इतकंच. पॅकिंग हॉलच्या वर तिची काचेची खोली आहे. एक टेबल, एक भिंग, एक स्टीलची पट्टी आणि लेबलांची रिळं. एवढ्या पसाऱ्यात ती दिवसभर बसते म्हणायचं, पण बसते कुठली! पायाला भिंगरी. एक ओळ तपासली की उठते, खाली जाऊन चालू मशीनवरचं पाकीट उचलून बघते, परत वर येते. लेबल वाचते ते खालून वर. शेवटच्या ओळीपासून सुरू करून पहिल्या ओळीपर्यंत. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाली, "सरळ वाचलं ना वहिनी, की डोळा पुढचं आपणच भरून टाकतो. उलटं वाचलं की त्याला लबाडी करता येत नाही."

हिच्यामुळं माझ्या आयुष्यातली निम्मी मजा गेली हे मात्र लिहून ठेवते. एकदा मी मजेत ब्रेडला जॅम लावत होते. ही शेजारी बसून बरणी फिरवत म्हणाली, "साखर पहिली आहे, बघितलंत?"

"म्हणजे?"

"ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहावं लागतं. इथं साखर पहिली, फळ दुसरं. म्हणजे तुम्ही फळाच्या वासाची साखर खाताय."

तेव्हापासून मी त्या बरणीला फडकं गुंडाळून ठेवते. खाते तेवढंच, पण निदान नजरेला नजर नको.

आता खरी गोष्ट सांगते. त्याआधी एक कळायला हवं. वर्षभरापूर्वी हिनं एक मोठी चूक केली होती. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा माल कमी भरतोय, असं म्हणून हिनं निघालेली गाडी अडवली. दिवसभर गाडी फाटकात उभी. संध्याकाळी कळलं, हिनं ज्या काट्यावर पाकिटं तोलली तो काटाच शून्यावर नव्हता. सगळा कारखाना खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी गाडी अडवायची असेल तर हातात पुरावा घेऊन या. नाहीतर गाडीही जाईल आणि तुम्हीही जाल."

ते वाक्य हिच्या अंगात काट्यासारखं रुतून बसलंय. त्यानंतर ही दरवाजाला कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन कुलूप ओढून बघते.

तर असा एक शनिवार. दुपारी ही गोदामात गेली होती. दारात पाय पुसले. आणि खाली बघितलं. दुसरं कुणी असतं तर पाय पुसून आत गेलं असतं. पण हिला अक्षर दिसलं आणि वाचलं नाही असं होतच नाही. पायपुसणं म्हणून तिथं एक रिकामी गोणी घडी करून टाकली होती. सूपमध्ये घालायचं मसाल्याचं मिश्रण बाहेरून अशा गोण्यांतून येतं. त्या गोणीवर, चिखलाच्या बुटांखाली, एक ओळ होती. मिश्रणात काय काय आहे त्याची. आणि शेवटून दुसरं नाव होतं, दूध पावडर.

आता हे मिश्रण ज्यात जातं त्या टोमॅटो सूपच्या पाकिटावर दुधाचं नावही नाही. कधी नव्हतंच. मिश्रणात पूर्वी दूध नव्हतं, म्हणून लेबलावर नव्हतं. मग हे कधी आलं?

हिनं गोदामवाल्या काकांना विचारलं. काका म्हणजे तिथलं जुनं खोड. त्यांची पद्धत अशी, की माल आला की त्याच दिवशी गोण्या फोडून सगळं मोठ्या पिंपांत ओतायचं, नाहीतर उंदीर. आणि पिंपावर काकांनी सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेला पुठ्ठा लटकतोय, "मसाला मिश्रण". रिकाम्या गोण्या ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. म्हणजे गोणीवर काय छापलंय ते वाचायची वेळ कारखान्यात कुणावरच येत नाही. पुठ्ठा वाचायचा, की झालं.

"काका, हे पायपुसणं कधीचं?"

"असेल जुनं. पडलंय तिथं केव्हापासून."

"केव्हापासून म्हणजे?"

"बाई, पायपुसण्याचा वाढदिवस कोण लक्षात ठेवतं?"

गोणीच्या ज्या कडेवर लॉटचा, म्हणजे त्या खेपेचा, नंबर असतो, ती कड बुटांनी झिजून गेली होती. या आठवड्यात पंधरा गोण्या आल्या होत्या. त्यातलीच ही एक, की कधीकाळी नमुना म्हणून आलेली एखादी, ते सांगायला कुणी नाही. मालाबरोबर आलेल्या चलनावर फक्त लॉट नंबर, तो हिच्या खिशातल्या वहीत टिपलेला. मिश्रण पाठवणाऱ्यांचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद झालेलं, फोन उचलायला कुणी नाही. आणि या आठवड्याच्या मिश्रणातून भरलेली साडेनऊ हजार पाकिटं खोक्यांत बंद होऊन सोमवारी सकाळी आठच्या गाडीची वाट बघत बसलेली.

ही साहेबांकडं गेली. साहेब बॅग उचलून निघालेच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पुरावा?"

"पायपुसणं आहे."

"बाई..."

"सोमवारी आठच्या आत आणला तर?"

"तर थांबवू. नाही आणलात तर मागच्या वेळचं माझं बोलणं आठवा."

रविवार सकाळ. मी चहा करायला गेले तर साखर सापडेना. हिनं पहाटेपासून उठून माझी सगळी मांडणी पुसून काढली होती आणि प्रत्येक पाकीट पाठ पुढं करून ठेवलं होतं! समोर नुसते बारीक अक्षरांचे तक्ते. कॅलरी, प्रथिनं, कोरड्या जागी ठेवा, तक्रारीसाठी पत्ता. साखर कुठली आणि साबणाची पावडर कुठली, कळायला मार्ग नाही.

"अगं ए, माझं स्वयंपाकघर आहे की तुझी काचेची खोली?"

"सॉरी वहिनी." तोंडानं सॉरी, आणि हात तांदळाचं पाकीट उलटं करतोय. मग बाल्कनीत गेली. परत आली. फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला. खुर्चीत बसली तर गुडघा असा हलतोय की टेबलावरची भांडी वाजायला लागली.

भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "एवढं काय गं? चिमूटभर दुधानं काय होतं? मी रोज पितो."

झालं! ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही पिता. ज्याला दूध चालत नाही त्याचा घसा सुजतो, श्वास अडकतो. आणि तो माणूस काय करतो माहितेय? तो दुकानात उभा राहून आधी पाकिटाची पाठ वाचतो. दूध नाही लिहिलेलं बघतो, मग घेतो. अहो, जो वाचत नाही त्याला आपण फसवतच नाही. जो आपल्यावर विश्वास ठेवून वाचतो, त्यालाच नेमकं फसवणार आपण!"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. तोपर्यंत मला ही नोकरीची धाकधूक वाटत होती. होतीच म्हणा, नोकरी गेली असती तर घराच्या हप्त्यापेक्षा हिच्या रिकाम्या हातांचं मला जास्त भ्या. पण ते वाक्य बोलताना हिचा आवाज वेगळाच झाला होता.

मी म्हटलं, "त्या पिंपातलं चाखून का नाही बघत?"

"जिभेला कळलं असतं तर लेबलं कशाला लागली असती, वहिनी?"

"बरं बाई, माझी जीभ मागं घेते. मग असं सांग, पंधरा गोण्या आल्या ना? एक पायपुसणं झाली. बाकीच्या चौदा कुठं गेल्या?"

हलणारा गुडघा थांबला.

काकांना फोन लावला. दहा भंगारवाल्यानं शुक्रवारी नेल्या. आणि चार? "चार त्या फाटकावरच्या वॉचमननं नेल्या, बुधवारी. बायकोनं मागितल्या म्हणाला." त्याचं घर बस डेपोच्या मागच्या गल्लीत.

"चला," ती म्हणाली. मी गाऊनवर होते. "वहिनी, चला ना!" साडी नेसेपर्यंत हिनं दारात तीनदा चपला घातल्या आणि काढल्या. बस आली नाही म्हणून चालायला लागली, चालायला लागली तर बस मागून निघून गेली. भर उन्हात मी धापा टाकत मागं, आणि ही पुढं तरातरा, वाटेत पानटपरीवरच्या चिप्सच्या माळेलाही उलटं करून बघतेय.

वॉचमनच्या घरासमोर एक स्कूटर उभी होती. तिच्यावर अगदी मापात बसणारं पांढरं कव्हर. हँडलला वेगळा खिसा, खाली रबर घालून चुण्या. चार गोण्यांचं. पण छापील बाजू आत!

मी म्हटलं, "दार वाजवू या." वळून बघते तर ही रस्त्यावर पाठ टेकून आडवी, डोकं कव्हरच्या खाली, मोबाइलचा टॉर्च लावून.

"ए! ए! काय चाललंय?" आतून एक बाई लाटणं घेऊन धावत आली. "स्कूटर चोरताय? भरदिवसा?"

मी मधे पडले. "अहो ताई, चोर नाही हो, जाऊ आहे माझी."

"म्हणजे काय, जावा चोऱ्या करत नाहीत?"

खालून आवाज आला, "वहिनी, पहिल्या गोणीचा नंबर शिवणीत गेलाय!"

"तिला सांगा, शिवण उसवायची नाही हं! दोन दिवस मशीनवर बसले होते मी."

"दुसऱ्या गोणीचा रबराखाली!"

"रबराला हात लावायचा नाही!"

मी त्या बाईला काय झालंय ते सांगायला लागले. ती ऐकत होती, पण नजर स्कूटरखालच्या दोन पायांवर. दूध म्हटल्यावर मात्र तिनं लाटणं खाली घेतलं. "माझ्या बहिणीच्या मुलीला चालत नाही दूध," ती म्हणाली. "दुकानात अर्धा तास लावते ती. दुकानदार चिडतो." मग गुडघे टेकून खाली वाकली आणि ओरडली, "अहो बाई, हँडलच्या खिशात बघा! तिथं मी कड न दुमडता लावलीय, कापड पुरलं नाही म्हणून!"

खिसा उलटा केला. नंबर अख्खा होता. त्याच्यावरच ती ओळही होती. धाकटीनं वही काढली आणि आकडे मोठ्यानं वाचले, अर्थातच उलटीकडून. सगळे जुळले. शेवटचा, म्हणजे पहिला, जुळला तेव्हा तिच्या केसांत माती, गालावर ग्रीस, आणि डोळे असे की आता रडेल की हसेल काही कळेना.

मी फोटो काढला. ती म्हणाली, "फोटो नको. कुठला, कधीचा, असं विचारतील. कव्हरच हवं." वॉचमनच्या बायकोचा जीव त्या कव्हरात अडकलेला. शेवटी मी शब्द दिला की दोन दिवसांत धुऊन, वाळवून, घडी घालून परत आणीन, एक टाका सैल झाला तर माझ्या हातानं शिवेन. मला शिवता येत नाही, ते मी तिला कशाला सांगू?

सोमवारी ही सात वाजता ते कव्हर बगलेत मारून निघून गेली. मग माझी पाळी. आठ वाजले. सव्वाआठ. फोन केला, उचलला नाही. मी फ्रिज उघडला, बंद केला. बाल्कनीत गेले. भाऊजी कामावर न जाता घड्याळाला किल्ली दिल्यासारखे हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि वर मलाच म्हणत होते, "वहिनी, तुम्ही जरा बसा बघू." पावणेदहा. साहेबांनी ऐकलंच नसेल तर? कव्हर बघून हसले असतील तर? ही कुठंतरी बस स्टॉपवर बसून कोपऱ्यातली जाहिरात वाचत असेल, एकटीच, असलंच सगळं डोळ्यासमोर.

साडेदहाला फोन आला. "वहिनी, दुपारी मोकळ्या आहात का? हात कमी पडतायत."

"अगं, काय झालं ते सांग आधी!"

"साडेनऊ हजार पाकिटांवर स्टिकर लावायचेत. येताना त्या कव्हरवाल्या ताईंनाही घेऊन या."

भाऊजींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, आणि नुसतं "हं. हं," म्हणत राहिले.

दुपारी आम्ही दोघी पॅकिंग हॉलमध्ये पोचलो तर खोक्यांचे ढीग फुटलेले, लांब टेबलांवर पाकिटांची रास, अर्धा कारखाना कामाला लागलेला. गोदामवाले काकाही चष्मा पुसत पाकिटं मोजत होते. कळलं ते असं. ही पावणेआठला फाटकात, इंजिन चालू असलेल्या गाडीसमोर कव्हर पसरून उभी राहिली. साहेबांनी नंबर बघितला, वही बघितली. नऊला मिश्रणवाल्यांचं ऑफिस उघडल्या उघडल्या फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी सहज म्हणाला, "हो, बदललंय, याच लॉटपासून. गोणीवर छापलंय की! वाचलं नाही का तुम्ही?" साहेबांनी म्हणे फोन ठेवला आणि लगेच स्टिकर छापायला सांगितले.

मी बसले स्टिकर लावायला. आता वाटेल, झालं, बाई जिंकली, आराम करेल. कुठलं! ही टेबलाटेबलाला फिरतेय, प्रत्येकीचा स्टिकर कुठं लागला ते बघतेय. तेवढ्यात विक्रीवाले साहेब आले. कोटाचं बटण लावलेले, कपाळाला आठ्या. हातात पाकीट.

"हे काय केलंय? असं लिहितात? 'यात दूध आहे'? अहो, 'दुधाचे अंश असू शकतात' असं लिहा. सौम्य."

"असू शकतात हे कधी लिहायचं, सांगते," ही म्हणाली. "एकाच मशीनवर दुसरा माल भरताना चुकून मिसळला, तर. इथं आपण पिंपानं ओतलंय. आहे म्हणजे आहे."

हिचे साहेब लांबून म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे." विक्रीवाल्यांनी घसा खाकरला. पण माघार घेतील तर विक्रीवाले कसले!

"बरं. मग जागा बदला. इथं का चिकटवताय? खाली तळाला लावा."

"घटकांच्या यादीला लागूनच लावायचा. वाचणारा तिथंच बघतो."

"पण इथं लावलात तर हा चमचा झाकला जातोय!"

मी पाकीट उलटं करून बघितलं. सूप कसं करायचं त्याची चित्रं होती. पातेलं, वाफ, आणि यादीच्या अगदी शेजारी एक चमचा. चमचा म्हणायचं म्हणून चमचा. मला तर बेडकाचं पिल्लू वाटलं.

"माझ्या मेहुण्यानं काढलाय तो," विक्रीवाले दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "आठ दिवस लागलेत त्याला. चमचा दिसलाच नाही तर लोक सूप ढवळतील कशानं?"

"चमच्यानंच ढवळतील. घरात असतो."

"पण पाकिटावर दिसायला नको?"

"कायद्यानं पाकिटावर नाव लागतं, घटक लागतात, वजन, तारीख, लॉट नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, दूध असलं तर दूध लागतं. चमचा लागतो असं मी अजून कुठं वाचलेलं नाही."

"निम्मा तरी ठेवा! दांडा दिसू द्या!"

"दांडा दिसू द्यायचा तर स्टिकरवरचं 'दूध' कापावं लागेल."

"अहो, पण मेहुणा काय म्हणेल?"

धाकटीनं स्टिकर उचलला, चमच्यावर ठेवला, अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. "त्यांना सांगा, चमचा न दिसल्यानं आजवर कुणाचा घसा सुजलेला नाही."

विक्रीवाल्यांनी पाकीट उलटसुलट केलं, दांड्याचं टोक तरी कुठं दिसतंय का ते बघितलं, आणि ते पाकीट गपचूप माझ्याच ढिगावर ठेवून कोटाचं बटण सोडत निघून गेले.